संसद भवन आणि ‘बौद्ध’ हा एक शब्द



स्मरणिका समितीच्या तरुण मंडळींनी मला गळ घातली, “काका, आपण दिल्लीला गेलो होतो त्यावर काहीतरी लिहा.” ऑक्टोबर २०१८ मध्ये अशोक विजयादशमीला आपल्या विहारातले आम्ही उपासक-उपासिका नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो आणि तिथूनच पुढे दिल्ली गाठली. गाडीत कोणाची पिशवी राहिली, थंडीच्या भीतीने कोणी किती स्वेटर नेले, ह्या गोष्टी विहारात अजून रंगतात. त्या मी लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते संसद भवनाबद्दल. कारण त्या इमारतीत एका शब्दासाठी आपल्या समाजाची चौतीस वर्षे गेली, आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या थोरल्या भावाची उमेदीची वर्षे आली.

दाखल्याची गोष्ट

१९७९ साली दादा बावीस वर्षांचा होता. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्याने अर्ज केला, लेखी परीक्षा पास झाला आणि कागदपत्रे घेऊन गेला. त्याच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ असे लिहिलेले होते. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “हा महाराष्ट्र सरकारच्या नोकरीला चालतो, आमच्याकडे चालत नाही. ‘हिंदू महार’ असा आणा. मी आठ दिवस थांबतो.”

दादा घरी आला. आमच्या वडिलांनी ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखोंच्या समुदायात दीक्षा घेतलेली. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “शपथ मी घेतली, नोकरी तुझी आहे. काय लिहायचं ते तू ठरव.” दादाने दाखला बदलला नाही. आठ दिवस गेले. पुढच्या महिन्यात तो गिरणीत बदलीवर लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि पुढचे सर्वांना माहीत आहे.

आमच्या चाळीतल्या काहींनी ‘हिंदू’ लिहून दिले आणि नोकऱ्या मिळवल्या. त्यांना मी दोष देत नाही. पोट सर्वांना आहे. पण संध्याकाळी विहारात पंचशील घेताना त्यांची मान खाली असायची, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. शपथ किंवा भाकरी, दोन्हींतले एकच घ्या, असे सांगणारी ती व्यवस्था होती.

तेव्हा मी शाळेत होतो. मला एकच प्रश्न पडायचा. मुंबईत चालणारा कागद दिल्लीला का चालत नाही? मोठ्या माणसांना विचारले तर उत्तर यायचे, “वरूनच तसं आलंय.” वरून म्हणजे कुठून? हे समजायला मला पुढे रात्रशाळा, वाचनालयातली संविधानाची प्रत आणि शेवटी संसद भवन, एवढा प्रवास करावा लागला.

गोल इमारत

त्या वेळी अधिवेशन चालू नव्हते. अशा दिवसांत खासदाराच्या शिफारशीने गट करून लोकांना आत नेत आणि एक माहितगार माणूस बरोबर देत. मोबाईल, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सगळे बाहेर ठेवावे लागले. तपासणी कडक होती, आणि ती असायलाच हवी. १३ डिसेंबर २००१ रोजी ह्याच आवारात अतिरेकी घुसले होते आणि त्यांना अडवताना सुरक्षा कर्मचाऱ्यांनी प्राण दिले.

ही इमारत इंग्रजांनी बांधली. एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर हे तिचे वास्तुरचनाकार. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी पायाभरणी केली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी उद्घाटन केले. खर्च आला ८३ लाख रुपये. इमारतीचा व्यास ५६० फूट, दरवाजे बारा, आणि पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्याला १४४ खांब, प्रत्येकी २७ फूट उंच. खांब बोलले इंग्रजांचे, पण दगड आपल्या मातीतला आणि तो घडवणारे हातही आपल्याच मजुरांचे. आमच्यातल्या एका बाईने खांबाला हात लावून सांगितले, “केवढी छिन्नी चालली असेल हो!” माहितगार माणसाने सांगितलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला ते वाक्य जास्त आवडले.

मध्ये घुमटाचे गोल सभागृह आणि त्याच्या भोवती तीन मोठी दालने, अशी रचना आहे. एक दालन कायदेमंडळाचे, ते पुढे लोकसभा झाले. दुसरे कौन्सिल ऑफ स्टेटचे, ते राज्यसभा झाले. तिसरे संस्थानिकांचे. ह्याच तिसऱ्या दालनात आपले सर्वोच्च न्यायालय १९५० साली सुरू झाले आणि १९५८ पर्यंत तिथेच चालले. राजेरजवाड्यांच्या बसण्याच्या जागी न्यायाधीश बसले, ही इतिहासाची एक गंमतच आहे.

लोकसभेचे दालन

लोकसभेच्या दालनात शिरलो. हिरवा गालिचा, अर्धवर्तुळाकार बाके, समोर अध्यक्षांचे उंच आसन. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष, डाव्या हाताला विरोधी पक्ष. माझी नजर मात्र अध्यक्षांच्या आसनाच्या वर गेली. तिथे अक्षरे आहेत : ‘धर्मचक्र प्रवर्तनाय’. सारनाथला तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तन म्हणतो. त्याच प्रवर्तनाचे नाव देशाच्या सभागृहात सर्वांत वरच्या जागी लिहिलेले आहे, आणि त्याच सभागृहाच्या कायद्यात ‘बौद्ध’ हा शब्द शिरायला १९९० साल उजाडले. तिथे उभे राहून मला हसावे की रडावे कळेना.

आपल्या गिरणगावाचा आणि ह्या दालनाचा संबंध जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्यानंतर सरकारने संपांना आळा घालणारे औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. ८ एप्रिल १९२९ रोजी ते ह्याच दालनात मंजूर झाले, आणि त्यानंतर लगेच प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. सज्जा कुठे आहे ते आम्हाला दाखवले. कामगाराविरुद्ध कायदा झाला म्हणून तरुणांनी फाशीची वाट धरली, हे आज किती कामगारांच्या मुलांना माहीत आहे?

दुसरा संबंध बाबासाहेबांचा. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यातली जी दुरुस्ती त्यांनी कायदेमंडळात मांडली, तिने कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आपण पाळीचा भोंगा वाजला की घरी जात होतो, तो भोंगा आधी ह्या दालनात वाजला होता.

सेंट्रल हॉल

मधले घुमटाचे सभागृह म्हणजे सेंट्रल हॉल. आधी तिथे ग्रंथालय होते. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक तिथे भरली. आत पाऊल टाकताना आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हात आपोआप जोडले गेले.

बाबासाहेब तिथे कसे पोचले, हे नव्या पिढीने पाठ केले पाहिजे. मुंबईतून त्यांना निवडून येण्याची वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आपल्या बांधवांनी त्यांना १९४६ साली बंगालमधून निवडून दिले. १७ डिसेंबर १९४६ रोजी, तयारीला पुरेसा वेळ नसताना, अध्यक्षांनी त्यांचे नाव पुकारले आणि ते बोलले. विरोधक समजून ऐकायला बसलेल्या सभागृहाला त्या भाषणात देशाच्या एकीची तळमळ दिसली. पुढे फाळणी झाली आणि बंगालची जागा गेली. जुलै १९४७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांनी मोकळ्या केलेल्या मुंबई प्रांतातल्या जागेवर ते पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले.

मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडून चर्चिल्या गेल्या. एकेका दुरुस्तीला उठून उत्तर द्यायचे, मान्य की अमान्य ते सांगायचे, कारण द्यायचे. तब्येत खालावलेली, रात्री झोप नाही. समितीतले एक सदस्य वारले, कोणी सोडून गेले, कोणी दिल्लीपासून दूर. बहुतेक भार एकट्यावर. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्याच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांनी ह्याच सभागृहात बजावले, की राजकारणात आपण एक माणूस एक मत मान्य करणार आहोत, पण समाजात आणि अर्थकारणात एक माणूस एक मूल्य मानणार नाही. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेचे चटके बसलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून लावतील.

त्या सभागृहाच्या भिंतीवर बाबासाहेबांचे तैलचित्र आहे. दादा त्याच्यासमोर उभा राहिला. तो तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. त्याने माहितगार माणसाला विचारले, “हे चित्र कधी लागलं?” उत्तर आले, “१२ एप्रिल १९९०. पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी अनावरण केलं.” दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “म्हणजे चित्र आणि शब्द एकाच वर्षी आत गेले.”

हे वाक्य घेऊनच मी मुंबईला परतलो. ते कसे खरे आहे हे समजायचे तर आधी कायदा कसा होतो ते समजले पाहिजे.

कायदा कसा होतो

आपली समजूत अशी असते, की मंत्र्याने मनात आणले की कायदा झाला. तसे नाही. गिरणीत कापसाची गाठ फोडली की ब्लोरूम, कार्डिंग, त्रासन, साचे अशी एकामागून एक खाती पार करून मग कापड होते. मधले एक खाते वगळले तर धागाच तुटतो. कायद्याचेही तसेच.

आधी विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा तयार होतो. ते सभागृहात मांडायची परवानगी घ्यावी लागते. हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते. वाटल्यास ते प्रवर समितीकडे, संयुक्त समितीकडे किंवा त्या त्या खात्याच्या स्थायी समितीकडे जाते. समितीत सर्व पक्षांचे खासदार बसतात, लोकांची निवेदने मागवतात. मग कलमवार विचार होतो, दुरुस्त्या मांडल्या जातात, प्रत्येक कलमावर मत घेतले जाते. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक मंजूर की नामंजूर, एवढेच ठरते. मग तोच प्रवास दुसऱ्या सभागृहात. शेवटी राष्ट्रपतींची संमती. तेव्हा कुठे तो कायदा.

मतदान बहुधा आवाजी असते. कोणी आक्षेप घेतला तर मतविभागणी. तेव्हा इमारतभर घंटा वाजतात, साडेतीन मिनिटांनी दरवाजे बंद होतात. आत असेल त्याचे मत, बाहेर राहील त्याचे नाही. आपला खासदार चहाच्या टेबलावर राहिला तर आपल्या लाखो मतांची किंमत त्या दिवशी शून्य!

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लोकसभा विसर्जित झाली की तिथे पडून असलेली विधेयके मरतात; नव्या लोकसभेत पुन्हा ‘अ’पासून सुरुवात. महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ पासून असेच मरत राहिले. २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर केले, तरी लोकसभेत अडकून २०१४ ला मेले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. दुसरी गोष्ट, मंत्री नसलेल्या खासदारालाही विधेयक मांडता येते. पण स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके कायदा होऊ शकली, आणि शेवटचे १९७० साली. एकट्यादुकट्या भल्या खासदाराच्या हातात किती असते, ते ह्यावरून समजावे.

मात्र खासदाराच्या हातात प्रश्न असतो. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासाठी येऊ शकतात. ते छापून प्रसिद्ध होतात. आपल्या खासदाराने पाच वर्षांत काय विचारले, हे कोणालाही पाहता येते. पाहतो कोण?

संघाचे नियम

ही सगळी पद्धत साहेबाच्या देशातून आली, असे आपल्याला शाळेत सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितले, की संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. भिक्खू संघाला ते ठाऊक होते, आणि तथागतांनी ते त्या काळच्या गणराज्यांच्या सभांवरून घेतले असावेत.

विनयपिटक पाहिले की ह्याचा अर्थ समजतो. संघापुढे विषय आणायचा तर आधी ‘ञत्ति’ म्हणजे सूचना मांडावी लागे. महत्त्वाच्या कामात सूचनेनंतर ठराव तीन वेळा उच्चारायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला अमान्य असेल त्याने बोलावे. उपसंपदा आजही अशीच होते. गणपूर्तीचा नियम होता. साध्या कामाला किमान चार भिक्खू, मध्य प्रदेशात म्हणजे गंगेच्या खोऱ्यात उपसंपदेला दहा, दूरच्या सरहद्दीवर पाच. मतभेद मिटला नाही तर सलाका म्हणजे काड्या वाटून मते मोजत आणि बहुमताने निर्णय घेत. काड्या वाटणारा भिक्खू पक्षपाती नसावा, असाही नियम होता.

संसदेतली तीन वाचने आणि संघातला तीन वेळा उच्चारलेला ठराव हे एकच आहे, असे मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार एकच आहे. घाई करू नका, सर्वांना ऐकू द्या, विरोध करणाऱ्याला संधी द्या.

महापरिनिब्बान सुत्तात राजा अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींवर स्वारी करायचा बेत घेऊन तथागतांकडे येतो. वज्जी हे गणराज्य. वज्जींचा ऱ्हास होणार नाही, ह्याची सात कारणे तथागत सांगतात. त्यांतले पहिले कारण म्हणजे ते वारंवार सभा भरवतात. आता आपल्या संसदेकडे पाहा. पहिली लोकसभा १९५२ ते १९५७ मध्ये ६७७ दिवस बसली. सतरावी लोकसभा २०१९ ते २०२४ मध्ये २७४ दिवस बसली. वस्सकार आज आला तर काय निरोप घेऊन जाईल?

एका शब्दाची चौतीस वर्षे

आता दादाच्या दाखल्याकडे येतो.

संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे कोणत्या जाती अनुसूचित, ते राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. असा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती, की हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. अपवाद होता तो काही शीख जातींचा. १९५६ साली संसदेने ती अट बदलून ‘हिंदू किंवा शीख’ असे केले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि लाखो लोकांनी त्यांच्यामागून घेतली. त्या दिवसापासून आम्ही दिल्लीच्या कागदावर अनुसूचित राहिलो नाही. माणसे तीच, वस्ती तीच, गावातली विहीर तीच आणि तिच्यावरचा मज्जावही तोच. बदलला फक्त रकाना.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. पण कलम ३४१ नुसार त्या यादीत भर घालायची किंवा तीतून काढायचे ते फक्त संसदेने, कायदा करून. राज्य सरकारला तो अधिकार नाही. म्हणून दादाचा कागद मुंबईत चालत होता आणि दिल्लीला चालत नव्हता. “वरून आलंय” म्हणजे ह्या तिसऱ्या परिच्छेदातून आले होते!

नुकसान फक्त नोकरीचे नव्हते. राखीव मतदारसंघात बौद्ध म्हणून अर्ज भरता येत नव्हता. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला, पण तोही अनुसूचित जाती-जमातींसाठी. कागदावर बौद्ध असलेल्याला त्याचे संरक्षण नव्हते. म्हणजे मारणारा जात पाहून मारी आणि कायदा धर्म पाहून बाजूला होई.

आणि हा बदल करायला घटनादुरुस्ती लागत नव्हती. दोन तृतीयांश मते लागत नव्हती. साधा कायदा, साधे बहुमत. तरी तेवढ्यासाठी चौतीस वर्षे लागली. नियमांनी वाट अडवलेली नव्हती. चालायची इच्छा नव्हती.

ती इच्छा कोणी निर्माण केली? पदरचे पैसे मोडून रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी. ६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू केला. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग भरले. कसणाऱ्याला जमीन, धान्याचे भाव, किमान वेतन अशा त्यांच्या मागण्या. आणि त्याच मागण्यांत दोन अशा होत्या : संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे चित्र लावा, आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या.

२ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते संसदेच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार ब्रह्मेश वाघ. पुतळा आवारात आला, पण चित्र आत जायला १९९० उजाडले. आणि १९९० सालीच विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने अनुसूचित जाती आदेश दुरुस्तीचे विधेयक आणले, ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले आणि ‘हिंदू, शीख’ यांच्यापुढे ‘किंवा बौद्ध’ हे शब्द बसले. १९६४ साली एकाच कागदावर लिहिलेल्या दोन मागण्या सव्वीस वर्षांनी एकाच वर्षी पुऱ्या झाल्या. दादाचे वाक्य खरे होते.

दादा तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, दोन मुलांचा बाप. त्या नोकरीचा कॉल पुन्हा येणार नव्हता. पण १९९० नंतर त्याच्या मुलीचा दाखला निघाला, त्यावर ‘बौद्ध’ लिहिलेले होते आणि तो दिल्लीलाही चालला. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचून घेतला.

वेळ कोणाला किती लागतो

संसद हळू चालते असे म्हणतात. नेहमी नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला आपला समाज देशभर रस्त्यावर आला, काहींचे प्राण गेले. ६ ऑगस्टला लोकसभेने आणि ९ ऑगस्टला राज्यसभेने दुरुस्ती मंजूर केली. साडेचार महिने. त्यानंतर ८ जानेवारी २०१९ रोजी आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. दोन दिवस! त्या कायद्याचे बरे-वाईट मी इथे सांगत नाही. मी फक्त घड्याळ दाखवतो आहे. मनात असेल तर घटनाही दोन दिवसांत बदलते, आणि मनात नसेल तर एका शब्दाला चौतीस वर्षे लागतात.

म्हणून दोन्ही शिकले पाहिजे. आतले नियम आणि बाहेरचा रेटा. नुसता रेटा असेल आणि नियम माहीत नसेल तर आपण चुकीच्या दारावर धडका मारतो. राज्याकडे मागायचे ते केंद्राकडे मागतो आणि केंद्राचे ते तहसीलदाराकडे. नुसता नियम माहीत असेल आणि रेटा नसेल तर अर्ज फायलीत पिवळा पडतो.

आता

आम्ही पाहिले ते सभागृह आता सभेसाठी वापरात नाही. शेजारी त्रिकोणी आकाराची नवी इमारत झाली. २८ मे २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. लोकसभेच्या दालनात ८८८ आणि राज्यसभेच्या दालनात ३८४ बाकांची सोय आहे. १९ सप्टेंबर २०२३ पासून कामकाज तिथे सुरू झाले आणि जुन्या गोल इमारतीला ‘संविधान सदन’ नाव मिळाले. २०२४ साली आवारातले थोर पुरुषांचे पुतळे, बाबासाहेबांचाही, हलवून ‘प्रेरणा स्थळ’ नावाच्या एका जागी आणले गेले. बाबासाहेबांचा पुतळा असा बाजूला नेल्याचे आपल्यातल्या पुष्कळांना रुचले नाही, मलाही नाही.

पण पुतळ्याची जागा गेली म्हणून आपण जेवढे चिडतो, तेवढे विधेयकाचा मसुदा वाचायला बसतो का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. बाबासाहेबांनी २,४७३ दुरुस्त्यांना उभे राहून उत्तर दिले. आपण वर्षातून दोन विधेयके तरी वाचावीत.

माझी विहार समितीला विनंती आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर एक तास संविधान आणि संसदेच्या कामकाजासाठी ठेवावा. मुलांनी आपल्या खासदाराचे प्रश्न वाचून दाखवावेत. संसद टीव्हीवर कामकाज लागते, ते मोठ्यांनी थोडे पाहावे. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात, त्यांतले पाच अनुसूचित जातींच्या राखीव जागांवरून : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. ते तिथे काय बोलतात, हे आपल्याला माहीत असायला हवे.

दादाने हा लेख छापायला देण्याआधी वाचला. म्हणाला, “माझ्याबद्दल फार लिहिलंस.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “त्या कारकुनाबद्दल वाईट लिहू नकोस. तो आठ दिवस थांबणार होता. दिल्ली चौतीस वर्षं थांबली.”

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!